पॉइंट सारखे झाले की नेट रन रेटच का? आपसातली मॅच आधी का बघत नाहीत?

मिडविकेट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारूनच टाकतो. २०१९ चा वर्ल्ड कप आठवा. दहा टीम, प्रत्येकीने प्रत्येकीशी खेळायचं, नऊ-नऊ मॅच आणि वरच्या चार सेमीफायनलला. लीग संपली तेव्हा न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे ११ पॉइंट, दोघांच्या पाच जिंकलेल्या, तीन हरलेल्या, एक पावसात वाहून गेलेली, तसूभर फरक नाही. आणि एजबॅस्टनला पाकिस्तानने न्यूझीलंडला सहा विकेटनी हरवलं होतं, बाबर आझमची नाबाद सेंच्युरी, तोपर्यंत न्यूझीलंड त्या स्पर्धेत एकही मॅच हरलं नव्हतं. तरी आत गेलं न्यूझीलंड, कारण त्यांचा नेट रन रेट (ओव्हरमागे आपण केलेल्या आणि समोरच्याला दिलेल्या रनांतला फरक) +०.१७५ आणि पाकिस्तानचा −०.४३०.

मी काही पाकिस्तानचा समर्थक नाही, पण हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. दोन टीम समोरासमोर खेळल्या, एक जिंकली, एक हरली, यापेक्षा मोठा पुरावा अजून काय पाहिजे? आणि त्याचा शेवट कसा झाला बघा, लॉर्ड्सला पाकिस्तानची शेवटची मॅच बांगलादेशशी, ३१५ केले आणि आत जायला बांगलादेशला ७ रनात गुंडाळायचं होतं. आठवी रन झाली आणि पाकिस्तान स्पर्धेतून बाहेर, पण मॅच पुढे चालूच. २०२३ ला परत तेच, ईडन गार्डन्सवर इंग्लंडने ३३७ केले आणि पाकिस्तानला हिशोब सांगितला की ६.४ ओव्हरमध्ये ३३८ करा. ४० चेंडू, प्रत्येकावर सिक्स मारला तरी २४०च होतात! अशा मॅचला काय अर्थ राहतो?

आता २०२७ ला साऊथ आफ्रिका, झिम्बाब्वे, नामिबियात १४ टीम येणार, सात-सातचे दोन गट, प्रत्येक गटातल्या तीन टीम सुपर सिक्सला, म्हणजे सहा टीमच्या पुढच्या फेरीला. म्हणजे तिसऱ्या नंबरसाठी मारामारी होणार हे नक्की. म्हणून दोन प्रश्न. एक, हा नेट रन रेट नेमका काढतात कसा, ऑलआउट झालं की काय धरतात, पावसाच्या मॅचचं काय? दुसरा, आपसातली मॅच आधी आणि रन रेट नंतर असं करायला अडचण काय आहे?

चौथा_पंच

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्यावर माझं मत शेवटी.

तुम्ही स्पर्धेत केलेल्या एकूण रन भागिले तुम्ही खेळलेल्या एकूण ओव्हर, हा झाला तुमचा रेट. त्यातून समोरच्यांनी तुमच्याविरुद्ध केलेल्या एकूण रन भागिले त्यांनी खेळलेल्या एकूण ओव्हर वजा करायचे. बस्स. पण इथे बरेच लोक प्रत्येक मॅचचा वेगळा रेट काढून त्यांची सरासरी घेतात, ते चुकीचं आहे, सगळ्या मॅचच्या रन एकत्र आणि सगळ्या ओव्हर एकत्र, मग भागाकार. ओव्हरचं पण लक्षात ठेवा, १३.४ म्हणजे तेरा पूर्णांक चार दशांश नव्हे, १३ ओव्हर ४ चेंडू, म्हणजे गणितात १३.६७.

ऑलआउट झालात तर तुम्ही कितव्या ओव्हरला झालात याला किंमत नाही, पूर्ण ५० ओव्हर धरतात. इथेच खरी मेख आहे. तुम्ही म्हणताय ते २०१९ चं पाकिस्तान घ्या, त्यांची पहिलीच मॅच वेस्ट इंडीजशी ट्रेंट ब्रिजला, २१.४ ओव्हरमध्ये १०५ ऑलआउट. हिशोबात ते १०५ भागिले ५०, म्हणजे ओव्हरला २.१. वेस्ट इंडीजने १३.४ ओव्हरमध्ये १०८ करून टाकले, म्हणजे ओव्हरला ७.९. एका सकाळी इतका मोठा खड्डा पडला की नंतर पाच मॅच जिंकूनही तो भरला नाही. त्यामुळे लॉर्ड्सचं ते ७ रनांचं प्रकरण खरं तर लॉर्ड्सला घडलंच नाही, ते पाच आठवडे आधी नॉटिंगहॅमला घडलं होतं.

अजून एक गोष्ट जी टीव्हीवर फारशी कोणी सांगत नाही. समजा मी २५० केले आणि तुम्हाला २०० वर रोखलं, तर माझा त्या मॅचचा फायदा ५ वजा ४, म्हणजे +१. पण तुम्ही २५० केले आणि मी २५१ चाळीस ओव्हरमध्ये केले तर ६.२७५ वजा ५, म्हणजे +१.२७५. ५० रनांनी जिंकणं आणि दहा ओव्हर राखून जिंकणं बघणाऱ्याला सारखंच वाटतं पण टेबलात सारखं नसतं. म्हणून गटात शेवटी अडकलेल्या टीमला छोटं टार्गेट लवकर गाठणं हा सगळ्यात सोपा रस्ता असतो.

पावसात पूर्ण वाहून गेलेली मॅच रन रेटमध्ये धरतच नाहीत, फक्त एक-एक पॉइंट वाटला जातो. डकवर्थ-लुईसने (पावसाने ओव्हर कमी झाल्या की टार्गेट बदलायची पद्धत) निकाल लागला तर आधी खेळलेल्या टीमच्या खात्यात सुधारित टार्गेटपेक्षा एक कमी इतक्या रन आणि दुसऱ्या टीमला मिळालेल्या तेवढ्याच ओव्हर धरतात.

आता माझं मत. आपसातली मॅच आधी घ्या हे ऐकायला न्याय्य वाटतं पण ते फक्त दोनच टीम अडकल्या तर चालतं. १९९९ चा वर्ल्ड कप बघा. एका गटात भारत, झिम्बाब्वे, इंग्लंड तिघांचे ६ पॉइंट. भारताने इंग्लंडला एजबॅस्टनला हरवलं, इंग्लंडने झिम्बाब्वेला हरवलं, आणि झिम्बाब्वेने भारताला लेस्टरला ३ रनांनी हरवलं, त्यांचा बोलर ओलोंगा याची ती ओव्हर अजून डोळ्यासमोर आहे. कोण मोठा? गोल फिरत बसा. दुसऱ्या गटात पण तेच, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, वेस्ट इंडीज तिघांचे ६, न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला, वेस्ट इंडीजने न्यूझीलंडला आणि ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला हरवलेलं. एकाच स्पर्धेत दोन्ही गटांत हा पेच! शेवटी रन रेटच लागला, आणि त्यात यजमान इंग्लंड बाहेर गेलं.

नाइटवॉचमन

चौथा_पंच यांना +१, आणि मी तर म्हणतो रन रेट नसता तर आपण वनडेतल्या दोन जबरदस्त इनिंग्जना मुकलो असतो.

नागपूर, ३१ ऑक्टोबर १९८७, रिलायन्स कपची, म्हणजे त्या वर्षीच्या वर्ल्ड कपची, भारताची शेवटची गट मॅच. भारत सेमीत पोचलेलाच होता, प्रश्न फक्त गटात पहिलं कोण, आपण की ऑस्ट्रेलिया. पहिले आलो तर सेमीफायनल मुंबईत इंग्लंडशी, दुसरे आलो तर लाहोरला जाऊन पाकिस्तानशी. न्यूझीलंडने २२१ केले, चेतन शर्माने त्यात हॅटट्रिक घेतली, तिन्ही बोल्ड, आणि ऑस्ट्रेलियाचा रेट ओलांडायचा तर आपल्याला साधारण ४२ ओव्हरमध्ये उरकायचं होतं. आणि ओपनिंगला कोण, तर सुनील गावसकर, ज्यांनी १९७५ च्या पहिल्या वर्ल्ड कपच्या गट मॅचमध्ये इंग्लंडसमोर साठ ओव्हर खेळून नाबाद ३६ केले होते. अंगात ताप होता, आणि त्या माणसाने ८८ चेंडूत नाबाद १०३ केले, वनडेतली त्यांची एकमेव सेंच्युरी. श्रीकांतने दुसरीकडून ५८ चेंडूत ७५. ३२.१ ओव्हरमध्ये खेळ खल्लास.

आता मिडविकेट, तुमचा नियम इथे लावून बघा. त्या स्पर्धेत गटात प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, दिल्लीला भारताने ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि चेन्नईला ऑस्ट्रेलियाने भारताला एका रनाने हरवलं होतं. (अवांतर, चेन्नईला डीन जोन्सच्या एका फटक्याला आधी चौकार दिला होता, इनिंग संपल्यावर तो षटकार ठरला, ऑस्ट्रेलियाचे २६८ चे २७० झाले, आणि आपण २६९ वर ऑलआउट. ही सल त्या पिढीच्या मनातून जाणार नाही.) म्हणजे आपसात १-१. तुमच्या नियमाने काहीच ठरत नाही.

दुसरी, शारजा, २२ एप्रिल १९९८. भारत आणि न्यूझीलंड दोघांनी एकमेकांना एकदा-एकदा हरवलेलं, ऑस्ट्रेलियाकडून दोघंही मार खाल्लेले, फायनलला कोण जाणार ते भारताच्या ऑस्ट्रेलियाशी शेवटच्या मॅचवर. वाळूचं वादळ आलं, खेळ थांबला, नंतर जिंकायला ४६ ओव्हरमध्ये २७६ आणि फायनलला जायला २३७. सचिनने १३१ चेंडूत १४३. मॅच आपण २६ रनांनी हरलो आणि फायनलला गेलो! हरलेली मॅच लोकांनी पंचवीस-पंचवीस वर्षं डोक्यावर घेऊन नाचावी असं अजून कुठे होतं सांगा. त्यातली मजा ही होती की दोन टार्गेट एकाच वेळी चालू होती, २३७ झाल्यावर कोणीही श्वास सोडला असता पण सचिनला २७६ च पाहिजे होते, कॉमेंट्रीत टोनी ग्रेग ओरडतोय आणि हा पुढे येऊन मारतोय.

स्वीपशॉट

इनिंग भारी होत्या यात वादच नाही, पण म्हणून नियम चांगला ठरतो का? मी मिडविकेटच्या बाजूने.

१९९९ चं उदाहरण दिलंत ना, मग ते पूर्ण सांगा की. ओल्ड ट्रॅफर्डला ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडीजला ११० वर ऑलआउट केलं, मॅकग्राच्या पाच विकेट. १११ चं टार्गेट, आणि ऑस्ट्रेलियाने ते गाठायला ४०.४ ओव्हर लावल्या. मुद्दाम! कारण तेव्हा सुपर सिक्सला तुमच्याबरोबर वर आलेल्या टीमविरुद्धचे पॉइंट पुढे न्यायचे असत, ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडकडून हरलेलं, त्यामुळे न्यूझीलंडऐवजी वेस्ट इंडीज वर आलं तर ऑस्ट्रेलियाचा फायदा. म्हणून वेस्ट इंडीजचा रन रेट जास्त खराब होऊ नये म्हणून टुकूटुकू खेळत बसले आणि मैदानात लोक हुर्यो उडवतायत. ही वर्ल्ड कपची मॅच! नशीब की न्यूझीलंडने दुसऱ्या दिवशी स्कॉटलंडला झटपट संपवलं आणि हा डाव फसला. नंतर कप ऑस्ट्रेलियानेच नेला ही गोष्ट वेगळी.

माझं म्हणणं एवढंच की जो आकडा दोन टीमच्या मॅचमध्ये तिसऱ्या टीमचं नशीब ठरवतो, तो आकडा पहिला निकष नको. फुटबॉलच्या युरो कपमध्ये पॉइंट सारखे झाले की आधी आपसातला सामना बघतात, तीन टीम अडकल्या तर त्या तिघींच्याच आपसातल्या मॅचचं छोटं टेबल करतात, तिथेही सुटलं नाही तरच पुढे. म्हणजे चौथा_पंच म्हणतात तो गोल फिरायचा प्रश्न तिथेही आहेच, त्यांनी तो सोडवलाय. १९९९ ला त्या तिघींच्या आपसातल्या मॅचचाच रन रेट घेतला असता तर निदान केनिया आणि स्कॉटलंडला कोणी किती धुतलं त्यावर वर्ल्ड कप ठरला नसता. सात टीमच्या गटात हे अजूनच महत्त्वाचं आहे, कारण २०२७ ला प्रत्येक गटात एक-दोन नवख्या टीम असणार आणि त्यांच्याविरुद्ध ४०० ठोकून रेट फुगवायची शर्यत लागणार. २००७ ला भारताने बर्म्युडाविरुद्ध ४१३ केले, २५७ रनांनी जिंकले, काय उपयोग झाला, बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरलो आणि घरी आलो. ते बरोबरच झालं. जिंकायच्या मॅच जिंकल्या नाहीत तर बर्म्युडा वाचवायला येऊ नये.

कव्हरड्राइव्ह

सगळे पुरुषांच्या स्पर्धांवरच बोलताय म्हणून थोडं महिलांचं. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये भारताने वेस्ट इंडीजला हॅमिल्टनला १५५ रनांनी हरवलं, स्मृती आणि हरमनप्रीत दोघींच्या सेंच्युरी. आपसातल्या मॅचमध्ये आपण पुढे, रन रेटमध्ये पण आपण कितीतरी पुढे. आणि सेमीला कोण गेलं, वेस्ट इंडीज. कारण त्यांची साऊथ आफ्रिकेशी मॅच पावसात गेली, एक पॉइंट मिळाला, त्यांचे ७ झाले, आणि आपण साऊथ आफ्रिकेशी शेवटच्या ओव्हरमध्ये नो बॉलमुळे हाती आलेली विकेट गमावून शेवटच्या चेंडूवर हरलो, आपले ६. म्हणजे तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते दोन्ही निकष आपल्या बाजूने होते आणि दोन्हींना विचारायची वेळच आली नाही. २०२५ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीत पण तेच, तीन-तीनच गट मॅच, त्यात ऑस्ट्रेलियाच्या दोन पावसात गेल्या, एक जिंकून ४ पॉइंटवर सेमीफायनल.

त्यामुळे मला विचाराल तर आधी गट मॅचला राखीव दिवस द्या, निदान शेवटच्या फेरीला तरी. आणि लांब लीगच्या बाजूने एक सांगते. २०२५ च्या महिला वर्ल्ड कपला आपण साऊथ आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे लागोपाठ तीन हरलो, लोकांनी टीमला मोडीत काढलं होतं, पण आठ टीमची लीग होती, सात मॅच होत्या, न्यूझीलंडला नवी मुंबईत हरवून ७ पॉइंटवर चौथ्या नंबरने आत गेलो आणि कप जिंकला. चार टीमच्या गटात हे झालंच नसतं.

मिडविकेट

धन्यवाद सगळ्यांना, एवढं तपशीलवार कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ऑलआउटला ५० ओव्हर धरतात हे माहीत होतं पण त्याची शिक्षा इतकी मोठी असते हे १०५ भागिले ५० बघूनच कळलं.

स्वीपशॉट यांचा आपसातल्या छोट्या टेबलाचा उपाय मला पूर्ण पटला, दोन टीम अडकल्या तर त्यांची मॅच, तीन अडकल्या तर तिघींचं टेबल, आणि मग रन रेट. नागपूर आणि शारजा या नियमातही घडलंच असतं, कारण तिथे आपसात १-१ होतं. नाइटवॉचमन, तुमचं काही हिरावून घेत नाही मी.

एक विचारायचं राहिलं, आशिया कपात अफगाणिस्तानचं ते नक्की काय झालं होतं? त्यांना गणितच सांगितलं नव्हतं म्हणतात ते खरं का?

चौथा_पंच

खरं आहे, आणि फार वाईट वाटलं होतं त्या दिवशी. ५ सप्टेंबर २०२३, लाहोर, तीन टीमचा गट, प्रत्येकीच्या दोनच मॅच. श्रीलंकेने २९१ केले, अफगाणिस्तानला पुढे जायला २९२ रन ३७.१ ओव्हरमध्ये पाहिजे होत्या. मोहम्मद नबीने ३२ चेंडूत ६५ ठोकले, राशिद खान पण सुटला होता, ३७ ओव्हर झाल्या तेव्हा २८९. एक चेंडू, तीन रन. मुजीबने उचलून मारला आणि कॅच. टीमला वाटलं संपलं.

पण संपलं नव्हतं. जिंकणारा फटका सिक्स असेल तर २९२ वर थांबत नाही, २८९ वरून थेट २९५ होतात, आणि वरच्या त्या तीन रनांमुळे ३७.४ ओव्हरपर्यंत चाललं असतं. म्हणजे शेवटचा बॅट्समन फारूकीकडे अजून तीन चेंडू होते, एक सिक्स मारला तरी आत, नाहीतर एक रन काढून राशिदला स्ट्राइक द्यायची आणि त्याने सिक्स मारायचा. फारूकीने पहिले दोन चेंडू शांतपणे अडवले आणि तिसऱ्यावर एलबीडब्ल्यू. राशिद १६ चेंडूत नाबाद २७ वर पलीकडे उभा. दोन रनांनी हरले. त्यांचे कोच जोनाथन ट्रॉट नंतर म्हणाले की ही बाकीची समीकरणं आम्हाला कोणी कळवलीच नव्हती.

म्हणून माझी मागणी तुमच्यापेक्षा साधी आहे. निकष कुठलाही ठेवा, पण गटातल्या शेवटच्या मॅचला प्रत्येक ओव्हरनंतर पूर्ण समीकरण, सिक्स-फोरच्या फरकासकट, मैदानावरच्या मोठ्या स्क्रीनवर दाखवा आणि दोन्ही ड्रेसिंग रूममध्ये कागदावर द्या. मॅच रेफरी बसलेला असतो, स्कोअरर बसलेले असतात, कॉम्प्युटर असतो, अवघड काहीच नाही.

स्वीपशॉट

याला शंभर टक्के सहमत. आणि अजून एक जोडा, गटातल्या शेवटच्या फेरीच्या मॅच एकाच वेळी सुरू करा, फुटबॉलमध्ये करतात तसं. दुसऱ्याची मॅच संपल्यावर नेमका आकडा हातात घेऊन उतरायचं हा फायदा एकाच टीमला का? टीव्हीवाले ऐकणार नाहीत हे माहीत आहे, त्यांना प्रत्येक मॅचला वेगळा प्रेक्षक पाहिजे. पण २०२७ ला सात टीमचा गट आहे, विषम आकडा, शेवटच्या फेरीला एक टीम रिकामीच बसणार. तिसऱ्या नंबरवर बसलेली टीम नेमकी तीच निघाली तर ती बिचारी हॉटेलमध्ये टीव्हीसमोर बसून दुसऱ्यांच्या ओव्हर मोजणार. त्याचं काय करायचं, यावर कोणाकडे काही उपाय आहे का?